लेक पॉवेलचा स्ट्रायपर परत पाण्यात सोडू नका

अमेरिकेत हौशी मासेमारी करणाऱ्यांची एक शिस्त आहे, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि ओल्या हाताने अलगद परत सोडायचा. चांगली शिस्त आहे, ट्राउटच्या नद्यांवर तर ती हवीच, मीही पाळते. पण ॲरिझोना-युटाच्या सीमेवरच्या लेक पॉवेल ह्या तलावावर स्ट्रायपर नावाचा मासा गळाला लागला की तो परत सोडायचा नाही. सरळ बर्फात टाकायचा, घरी आणायचा आणि खायचा. आणि हे मी जिभेचे चोचले म्हणून सांगत नाहीये, त्या तलावाचा अभ्यास करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ती माणसं वर्षानुवर्षं हेच सांगत आलीयेत. स्ट्रायपरला तिथे संख्येची मर्यादाच नाही, लायसन्स काढलं की दोन न्या नाहीतर पन्नास न्या. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण फिनिक्समधली आपली मराठी मंडळी तलावाकाठच्या पेज गावाला जातात, अँटिलोप कॅनियन बघतात, हॉर्सशू बेंडला फोटो काढतात, धरणाच्या पुलावर पाच मिनिटं थांबतात आणि परत फिरतात. खाली एवढा मोठा माशांचा साठा आहे आणि आपण मासे खाणारी माणसं, तरी पाण्यात कोणी उतरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी जागा कशी आहे ते सांगते. कोलोरॅडो नदीवर ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला ग्लेन कॅनियन धरण आहे, 710 फूट उंच. 1963 च्या मार्चमधे त्याचे दरवाजे बंद केले आणि पाणी अडायला लागलं, आणि तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला 1980 मधे, म्हणजे नुसता भरायलाच सतरा वर्षं लागली. पूर्ण भरलेला असला की लांबी 186 मैल, त्यातला बहुतेक भाग युटा राज्यात, आणि मुख्य नदीच्या दोन्ही बाजूंना नव्वदच्या वर लहानमोठ्या घळी, त्या सगळ्या पाण्याने भरलेल्या. किनाऱ्याची लांबी मोजली तर एकोणीसशे मैलांच्या वर जाते. हे आकडे ऐकून काही कळत नाही, बोटीत बसल्यावर कळतं. एका घळीत शिरायचं, वळण घ्यायचं, परत वळण, भिंती जवळ येत जातात, आणि वाटतं की आता संपलीच, तर पुढे अजून दोन मैल असतात.

दगड नवाहो सँडस्टोन, लालसर केशरी, त्यावरून पावसाचं पाणी ओघळून ओघळून पडलेले काळे पट्टे. आणि पाण्याच्या वर भिंतीवर एक पांढरा पट्टा, पूर्ण तलावभर, सगळीकडे एकाच उंचीला संपणारा. कधीकाळी पाणी तिथपर्यंत होतं, त्यातले क्षार दगडावर बसले आणि पाणी उतरल्यावर ते उघडे पडले. 2023 च्या वसंतात पाणी समुद्रसपाटीपासून 3,520 फुटांच्या आसपास गेलं होतं, पूर्ण पातळी आहे 3,700, म्हणजे डोक्यावर साधारण 180 फूट पांढरी भिंत. तलाव पहिल्यांदा भरत होता त्यानंतरची ती सगळ्यात कमी पातळी. त्या वर्षी डोंगरात बर्फ भरपूर झालं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी साठ फुटांच्या वर चढलं, काठावर उगवलेली झुडपं पाण्याखाली गेली आणि त्यात माशांच्या पिल्लांना लपायला जागा झाली.

मी चिपळूणची. आमच्या वाशिष्ठीत कोयनेचं अवजल येतं, पोफळीला वीज तयार होते आणि ते पाणी खाली नदीत सुटतं, त्यामुळे नदीचं पाणी फक्त पावसावर आणि भरतीवर नसतं, वर डोंगरात बसलेल्या माणसांच्या हिशोबावरही असतं हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पॉवेलवर पहिल्यांदा गेले तेव्हा ही गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. इथेही खाली किती पाणी सोडायचं, वीज किती करायची, सात राज्यांना आणि मेक्सिकोला किती द्यायचं, यावर मासा कुठे असणार ते ठरतं.

आता स्ट्रायपर म्हणजे काय. पूर्ण नाव स्ट्राइप्ड बास, अंगावर सात-आठ काळ्या रेषा, चंदेरी पाठ, आणि मूळचा हा मासा अटलांटिक समुद्रातला. समुद्रात राहतो, वसंतात अंडी घालायला नदीत चढतो. वाळवंटातल्या तलावात तो आला माणसाने आणला म्हणून. तलाव नवा होता तेव्हा आधी लार्जमाउथ बास आणि ट्राउट सोडले, मग त्यांना खायला 1968 मधे थ्रेडफिन शॅड नावाचा बोटभर लांबीचा चंदेरी मासा सोडला. शॅड इतका वाढला की त्याला खाणारा कोणीतरी मोठा मासा हवा असं ठरलं, आणि 1974 पासून पाच-सहा वर्षं स्ट्रायपरची पिल्लं सोडली. हिशोब असा होता की स्ट्रायपरच्या अंड्यांना वाहतं पाणी लागतं, अंडी प्रवाहात तरंगत तरंगत फुटतात, तळाला बसली तर मरतात, त्यामुळे तलावात ह्यांची वीण होणार नाही, जेवढी आपण सोडू तेवढीच राहतील. तो हिशोब चुकला. पॉवेलचं पाणी खोल, स्वच्छ, तळाला गाळ कमी, आणि स्ट्रायपरने तलावातच वीण घातली. पिल्लं सोडणं बंद करावं लागलं आणि त्यानंतर आजपर्यंत एकही सोडावं लागलेलं नाही.

इथेच सगळी गोम आहे. एक मोठी मादी लाखांनी अंडी घालते. शॅड मात्र मर्यादित. ज्या वर्षी शॅड भरपूर त्या वर्षी स्ट्रायपर जाडजूड होतात, पिल्लं जगतात, पुढच्या वर्षी स्ट्रायपर अजून वाढतात, आणि मग ते सगळे मिळून शॅडचा फडशा पाडतात. शॅड संपला की उपासमार. आणि ह्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पाण्याचं तापमान. उन्हाळ्यात पॉवेलचं वरचं पाणी 80 फॅरनहाइटच्या वर जातं. शॅडला ते चालतं, तो वरच राहतो. स्ट्रायपरच्या पिल्लांनाही चालतं. पण मोठ्या स्ट्रायपरला गरम पाणी सोसत नाही, तो खाली थंड पाण्यात जाऊन बसतो. म्हणजे ताट वर वाढलेलं आणि हा खाली, वर यायचं, पटकन खायचं आणि परत खाली पळायचं. पिल्लं मात्र वर राहून दिवसभर खातात. त्यामुळे शॅड कमी झाला की आधी मोठे वाळतात. असा वाळलेला स्ट्रायपर हातात घेतला ना की जीव कळवळतो, डोकं मोठं, पोट खपाटीला, पाठीवरचं मांस उतरलेलं, शेपटीपर्यंत नुसता निमुळता होत गेलेला. लांबी वीस इंच आणि वजन हाताला लागतच नाही.

म्हणून माणसाने जेवढे काढले तेवढे बरे. जे उरतात त्यांना पोटभर मिळतं. युटाच्या वन्यजीव खात्याचे वेन गस्टेव्हसन म्हणून जीवशास्त्रज्ञ होते, 1970 च्या दशकापासून चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी ह्याच एका तलावावर काम केलं, दर आठवड्याला मासे कुठे लागतायत, कशाला लागतायत हे साध्या भाषेत लिहून लोकांपर्यंत पोचवायचे, आणि त्यांचं सांगणं कायम हेच की स्ट्रायपर ठेवा, खा, शेजाऱ्यांना द्या. एका सरकारी शास्त्रज्ञाने इतकी वर्षं लोकांना मासे पकडायला शिकवत राहणं, ह्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अजून एक कारण आहे. उन्हाळ्यात साठ-सत्तर फुटांवरून ओढून आणलेला स्ट्रायपर वरच्या गरम पाण्यात सोडला तर त्यातले बरेच जगत नाहीत. तुम्हाला वाटतं जीवदान दिलं, तो वीस मिनिटांनी पोट वर करून तरंगतो. खाऊन टाकलेला बरा की असा वाया गेलेला?

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात, इथलेच, आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आणि पॉवेलवर ते तलाव भरत होता तेव्हापासून जातात. बोट त्यांची. आम्ही पेट्रोल, बर्फ आणि जेवण बघतो. फिनिक्सहून पेज साडेचार तास, फ्लॅगस्टाफनंतर रस्ता सरळ उत्तरेला जातो आणि नवाहो लोकांच्या प्रदेशातून जातो. एक लक्षात ठेवा, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, नवाहो नेशनही करतं, आणि तलाव ह्या तिघांच्या सीमेवर, त्यामुळे फोनमधलं घड्याळ दिवसभर एक तास मागेपुढे उड्या मारत असतं. कोणाला किती वाजता धक्क्यावर भेटायचं ते ठरवताना पेजची वेळ की युटाची वेळ हे बोलून घ्या. आजोबा साधं मनगटी घड्याळ लावतात आणि पेजची वेळ सोडत नाहीत.

पेजजवळच्या वाहवीप धक्क्याच्या बाजूने बोट पाण्यात उतरवली की पहिला प्रश्न असतो कासल रॉक कट उघडा आहे का. हा एक खणलेला चर आहे, पाणी पुरेसं असेल तर त्यातून थेट वॉर्म क्रीक बेमधे निघता येतं. पाणी कमी असेल तर धरणाच्या बाजूने मूळ नदीच्या वळणावळणाने जावं लागतं, दहा-बारा मैलांचा फेरा पडतो. निघायच्या आधी पातळी बघायची सवय लावून घ्या, रोज आकडा जाहीर होतो. त्या एका आकड्यावर बोट उतरवायचा कुठला रॅम्प चालू, कट उघडा की बंद, पेट्रोल किती, सगळं ठरतं.

आम्ही बहुतेक वेळा फार लांब जात नाही, नवाहो कॅनियनमधे जातो किंवा धरणाजवळच्या मुख्य पात्रात, हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बॉयांच्या रांगेच्या अलीकडे. मे महिना त्यासाठी सगळ्यात उत्तम, वीण व्हायच्या आधी स्ट्रायपर भिंतींच्या कडेकडेने मोठ्या घोळक्याने फिरत असतात. आता ह्या तलावाची खासियत बघा, साध्या तलावात काठ उथळ असतो, इथे काठ नाहीच. बोट भिंतीला इतकी जवळ की हात लांब केला तर दगडाला लागेल, आणि सोनारवर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर बघितलं तर खाली दोनशे फूट. भिंत पाण्यात तशीच सरळ खाली जाते. त्यामुळे नवीन माणूस पूर्ण गोंधळतो, एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे. तर सपाट भिंत सोडून द्यायची. जिथे भिंत तुटून दगडांचा ढीग पाण्यात उतरलाय, जिथे वळणावर कोपरा बाहेर आलाय, जिथे सावली आहे, तिथे थांबायचं. सकाळी सावलीची बाजू धरायची आणि ऊन सरकेल तसं सरकायचं.

आमिष म्हणजे गोठवलेली अँचोव्ही. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली, पेजच्या दुकानात पाकिटं मिळतात. पूर्ण वितळू द्यायची नाही, अर्धवट कडक असतानाच सुरीने तीन-चार तुकडे करायचे, पूर्ण वितळली की लिबलिबीत होते आणि गळावरून निसटते. पाव औंसाचं शिसं असलेला जिगचा गळ, त्याला तुकडा पाठीच्या काट्यातून घालून पक्का बसवायचा, आणि दोरी फ्लुरोकार्बनची, कारण पाणी इतकं नितळ आहे की जाड दोरी माशाला दिसते. मग दहा-बारा तुकडे असेच पाण्यात टाकायचे, मासे गोळा व्हायला. आणि गळ सोडायचा. इथे धीर लागतो. आजोबा मागून सांगत असतात, "अजून सोड, थांबू नकोस, अजून सोड." तीस फुटांवर हात थांबवावासा वाटतो, पण तिथे काही नसतं. पन्नास, साठ. दोरी सैलच असते, बोटावर तिची हालचाल जाणवत असते, आणि मधेच ती खाली जायची थांबते. झटका वगैरे काही नाही, नुसती थांबते. म्हणजे कोणीतरी तुकडा तोंडात घेऊन उभं आहे. तेव्हा दोरी गुंडाळून ताण आणायचा आणि उचलायचं, मग खरी ओढ लागते, काठी वाकून पाण्याला टेकते, रीळ करकरतं.

एक लागला की त्याच्यामागे घोळका येतो हे सगळ्यात महत्त्वाचं. स्ट्रायपर एकटा नसतो. लागलेल्या माशाला लगेच वर ओढून घेऊ नका, दुसऱ्याने तोपर्यंत आपला गळ त्याच खोलीवर सोडायचा. सोनारच्या पडद्यावर आधी तळाशी चार-दोन ठिपके असतात, तुकडे पडायला लागले की ते वर सरकतात, जाड होतात, आणि मग पडद्यावर एक उभा खांबच दिसतो. तो खांब बोटीखाली आहे तोपर्यंत कोणी पाणी प्यायलाही थांबत नाही. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिला अशा वेळी दोन्ही हातांनी काठी धरून ठेवायची आणि पाय बोटीच्या कठड्याला लावायचे एवढंच सांगितलं होतं, बाकी तिचं तिनेच केलं. लाइफ जॅकेट तिच्या अंगातून सूर्य मावळेपर्यंत निघत नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो कायदाच आहे, आणि माझ्या मते मोठ्यांनीही घालावं, कारण पडलात तर धरायला काठ नाही, भिंत आहे.

उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळाच प्रकार चालतो, त्याला सगळे बॉइल म्हणतात. खालून स्ट्रायपर शॅडच्या थव्याला हाकत हाकत वर आणतात, पृष्ठभागाला दाबून धरतात आणि मग तुटून पडतात. लांबून बघितलं तर अगदी शांत पाण्यात एकाच जागी उकळी फुटलेली दिसते. आवाज येतो, खळखळ नाही, थापा मारल्यासारखा. बोटभर शॅड हवेत उडतात, त्यांच्यामागे स्ट्रायपरची पाठ दिसते, शेपटी दिसते. बोट घेऊन मधे घुसायचं नाही, घोळका लगेच खाली जातो. लांब अंतरावर इंजिन बंद करायचं आणि वरच्यावर तरंगणारं चंदेरी आमिष पलीकडे फेकून झटके देत आणायचं. तीन-चार मिनिटांत सगळं संपतं आणि पाणी परत सपाट. मग इकडे तिकडे डोळे लावून बसायचं, पुन्हा कुठे फुटतंय. पहाटेचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास ह्यासाठी राखून ठेवा.

दुपार मात्र पाण्यात नका घालवू. उन्हं चढली की वारा सुटतो, पाद्रे बेसारख्या उघड्या भागात लाटा उठतात आणि अरुंद घळीत एका बोटीची लाट दोन्ही भिंतींवर आपटून परत परत येते, तिला विरायला जागाच नसते. जुलै ते सप्टेंबर वळवाच्या पावसाचे दिवस. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ आणि वीस मैलांवर पाऊस पडला तरी घळीच्या वरच्या टोकाने लोंढा येऊ शकतो. आभाळ काळं दिसलं की अरुंद घळीतून बाहेर पडायचं, मासे कितीही लागत असोत.

परत निघताना एक काम असतं ज्याला कंटाळून चालत नाही. पॉवेलमधे 2013 पासून क्वागा मसल पसरलेत, नखाएवढे शिंपले, पाण्याखालच्या भिंतींवर त्यांचे थरच्या थर आहेत, धारदार इतके की दोरी घासली तर तुटते आणि अनवाणी पाय ठेवला तर कापतो. मूळचे पूर्व युरोपातले, बोटींबरोबर एका तलावातून दुसऱ्या तलावात जातात, पाइपमधे शिरतात, पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खाद्य खाऊन टाकतात. शॅडही तेच खातो, म्हणजे शेवटी फटका स्ट्रायपरलाच. त्यामुळे बोट बाहेर काढली की सगळे बूच उघडायचे, पाणी पूर्ण काढायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, तपासणी होते तिथे थांबायचं. शनिवार-रविवारी रांग असते. थांबा. दुसरा तलाव नासवण्यापेक्षा अर्धा तास गेला तरी चालेल.

आणि धरणाच्या खाली काय चाललंय तेही सांगायला हवं, कारण आपण ज्या माशांमागे जातो ते सगळे बाहेरून आणलेले आहेत. कोलोरॅडोचे मूळचे मासे वेगळे, हंपबॅक चब, रेझरबॅक सकर, कोलोरॅडो पाइकमिनो. गढूळ, पुराच्या, कधी गार कधी गरम पाण्याला सरावलेले. धरणाने ते पाणीच बदललं. चब आता मुख्यतः ग्रँड कॅनियनमधे टिकून आहे. पॉवेलची पातळी खाली गेली की वीजघराच्या तोंडाजवळ वरचं गरम पाणी येतं आणि त्याच्याबरोबर तलावातले स्मॉलमाउथ बास नावाचे मासेही टर्बाइनमधून खाली जातात. 2022 मधे धरणाखाली त्यांची पिल्लं सापडली, म्हणजे तिथे वीण सुरू झाली, आणि स्मॉलमाउथ हा चबच्या पिल्लांचा काळ. 2024 च्या उन्हाळ्यात धरणाच्या खालच्या पाइपांमधून थंड पाणी सोडून नदी गार ठेवली, त्याने वीण रोखता आली, पण त्या पाण्यावर वीज होत नाही, म्हणजे त्याचीही किंमत आहे. मला पॉवेलची मासेमारी मनापासून आवडते आणि चब टिकावा असंही तितकंच वाटतं. म्हणून स्मॉलमाउथ लागला तरी नियमात बसेल तेवढा मी ठेवते, त्याचं मांस तर स्ट्रायपरपेक्षाही घट्ट असतं.

आता शेवटचं आणि आमच्या घरी ज्याची वाट बघतात ते. मासा गळावरून काढला की लगेच कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फात टाकायचं, नुसत्या बर्फात नाही, बर्फ आणि पाणी एकत्र, मासा त्यात बुडला पाहिजे. वाळवंटातल्या उन्हात दहा मिनिटं उघडा राहिला तर मऊ पडतो आणि मग कितीही मसाला लावा, उपयोग नाही. घरी आल्यावर दोन्ही बाजूंचे मोठे तुकडे काढायचे, कातडी काढायची, आणि मधोमध जी लालभडक पट्टी दिसते ती पूर्ण कापून टाकायची. लोक म्हणतात स्ट्रायपरला उग्र वास येतो, तो त्या पट्टीचा. ती काढली की उरतं ते पांढरंशुभ्र मांस, काटा नाही, चव सौम्य. त्याला हळद, मीठ, आलं-लसूण वाटून, तिखट आणि चिपळूणहून येणारं आगळ लावून अर्धा तास ठेवते, मग रवा आणि थोडं तांदळाचं पीठ, आणि तव्यावर कमी तेलात खरपूस. आगळ इथे जपून वापरावं लागतं, मांस नाजूक असल्यामुळे जास्त वेळ ठेवलं तर तुटतं. डोकी आणि मधला काटा फेकायचा नाही, त्याचं ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची वाटून कालवण. उपासमारीने वाळलेले मासे मिळाले तर त्यांचंही कालवणच करावं, तळायला त्यांच्यात काही नसतं. आजोबांना आधी डोकी बघून आश्चर्य वाटलं होतं, आता ते स्वतःची डोकीही आमच्याकडे आणून देतात आणि संध्याकाळी भात-कालवण जेवायला येतात.

पाऱ्याबद्दल मात्र सांगायला हवं. धरणाजवळच्या, म्हणजे डँगलिंग रोप नावाच्या जागेपासून खाली धरणापर्यंतच्या भागातल्या स्ट्रायपरमधे पारा आढळलेला आहे आणि युटाने तशी सूचना दिलेली आहे. मोठ्या आणि म्हाताऱ्या माशात तो जास्त साठतो. गर्भार बायकांनी आणि लहान मुलांनी किती खावा ह्याचं कोष्टक राज्याकडून मिळतं, ते बघूनच खा. आम्ही दोन-तीन पौंडांचे तरुण मासे लेकीच्या ताटात वाढतो, मोठे आम्ही मोठी माणसं खातो आणि तेही अधूनमधून. ह्या तलावात 1991 मधे 48 पौंडांच्या वरचा स्ट्रायपर निघाला होता, तो युटा राज्याचा विक्रम आहे, पण खायला असे मासे नकोतच, दोन पौंडांचा मे महिन्यातला मासा सगळ्यात चांगला.

ह्या वर्षी ज्यांना यायचंय त्यांनी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची तारीख धरा. लायसन्स ऑनलाइन मिळतं, काढून त्याची प्रत फोनमधे ठेवा, कारण पाण्यात नेटवर्क मिळेलच असं नाही. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर आत शिरायला तो चालतो. अँचोव्ही माणशी एक मोठं पाकीट, पाणी माणशी चार लिटर, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बर्फ जेवढा वाटतोय त्याच्या दुप्पट.